आवाज खाली, आदेशभाऊ!

...अन् हळू बोला म्हणे! कोणाले? आदेशले! आमच्या आदेश रामटेकेले! तुमाले सांगतो, हा माणूस पॉवर स्टेशनमधात बॉयलरवर काम करते. तुमी कवा बॉयलरच्या बाजूले उभे राह्यले का जी? नाई ना? मंग काय सांगू तुमाले... तिथी माणूस माणसाच्या कानात तोंड खुपसून ओरडते, तवा कुठी समोरचा म्हणते, "काऽऽय?" कानात बुच घालून, हातानं खुणा करू करू लोकं ड्युटी करतेत, अन् अशी पंधरा वर्षं ड्युटी केल्यावर माणसाचा जो आवाज होते ना, तो घरी येताना गेटवर जमा करून येता येत नाई! हेल्मेट जमा होते, आवाज नाई होत. हा बायकोले "चहा ठेव" म्हणे, तं दोन बिल्डिंगा सोडून आमची बायको गॅसवर पाणी ठेवे. मजाक नाई सांगून राह्यलो! अन् अशा माणसाले सांगतलं, "आवाज खाली, आदेशभाऊ!"

कोणं सांगतलं, ते सांगतो. वाईट बाई नाई हो ती, आधीच सांगून ठेवतो, नाईतं तुमी मनातल्या मनात तिच्या नावानं बोटं मोडान. दिव्यानी मॅडम. आमच्या ऊर्जानगर कॉलनीतच क्वार्टर, नवरा इंजिनियर, नागपूरले माँटेसरीचा कोर्स केलेली, पोरगी एक, लहान. तिनं कॉलनीतले सहा घरं जमवले. म्हणे, शाळेत टाकलं तं पोरं रट्टा मारतेत, घरी ठेवलं तं मोबाईल पायतेत, आपण मधातला रस्ता काढू. तीन दिवस माझ्या घरी वर्ग, तीन दिवस आपापल्या घरी, पण घरीही शाळाच बरं, तिथी आईबाप मास्तर! अन् रविवारी सगळ्याहीनं मिळून बसाचं, पोहे खाचे, कोणाच्या पोरानं काय केलं ते सांगाचं. एका कुटुंबासारखं राहाचं. आता सांगा, याच्यात वाईट काय आहे? आमाले तं आमच्या लहानपणी कोणं विचारलंही नाई, तू शाळेत गेला का म्हैस पाण्यात गेली!

आदेशनं त्याच्या अश्विनले तिथी टाकलं, त्याले कारण होतं. अश्विन बोले नाई. लॉकडाऊनमधात झालेलं लेकरू ते, तीन वर्षांचं झालं तरी तोंडातून शब्द नाई. आता लेकरू बोलत नाई म्हणलं की सारी कॉलनी डॉक्टर होते, हे तुमाले माहीतच आहे. कोणी म्हणे, याच्या जन्मापासून सगळे तोंडाले फडके बांधून हिंडले, तोंडं दिसलेच नाई, तं पोरगं शिकन कुठून? कोणी म्हणे, पोट्टे उशिराच बोलतेत, पोट्ट्या लवकर. कोणी म्हणे, मामावर गेला असन. मामाले फोन लावला, तं मामा म्हणते, "मी कवा बोललो ते मले काऊन विचारता? मले आठवत नाई ना!" एका डॉक्टरनं टॉर्च मारून घसा पायला. घसा! अन् म्हणे, ठणठणीत आहे, वाट पाहा.

पण एक गोष्ट होती. आदेश ड्युटीवरून आला, दारात पाय टाकला, की ओरडे, "ए आश्विऽऽन!" अन् ते पोरगं हातातलं टाकून धावत येये अन् बापाच्या मांड्याले येऊन चिपके. आई दहा खेपा हाक मारे, नाई. आजी हाक मारे, नाई. बापाची एक हाक, की पोरगं हजर! आदेशची छाती अशी फुगे! "माह्यं पोट्टं आहे ना जी, बापाचंच ऐकते," म्हणे. कंपनीच्या अख्ख्या बसले सांगे. हळू थोडीच सांगे...

मंग वर्ग सुरू झाला, अन् काय सांगू तुमाले, पह्यल्या महिन्यातच अश्विन हिरो! कारण दिव्यानी मॅडमची पद्धतच तशी. ते बाई वर्गात जास्त बोलतच नाई. एक चटई अंथरते, त्याच्यावर वस्तू ठेवते, हळूहळू आपल्या हातानं करून दाखवते, अन् पोराले खूण करते, आता तू. एका सुरईतलं पाणी दुसऱ्या सुरईत ओताचं. बाकी पोरं चटई वली करे, स्वतः वले होये, बाजूवाल्याले वलं करे... अश्विन? एक थेंब नाई सांडे! गुलाबी ठोकळ्याहीचा मनोरा, मोठ्यापासून लहानापर्यंत, डोळे मिटून लावन असा! मॅडम रविवारी सगळ्याहीसमोर म्हणे, "अश्विनसारखी एकाग्रता मी पाहिली नाही. बाजूला भांडं पडलं तरी मान वळत नाही त्याची."

भांडं पडलं तरी मान वळत नाई... अन् सगळ्याहीनं "वा, वा" म्हणलं. आदेशनंही म्हणलं. त्याच्या "वा" नं तिथचं एक लेकरू रडाले लागलं, तो भाग वेगळा.

अन् घरी? घरी तेच पोरगं एकदम ढ! मयुरी, म्हणजे आदेशची बायको, दहावीले चांगल्या मार्कानं पास झालेली, शिकवाची हौस लय. घरच्या दिवशी समोर तीन चिजा मांडे. हे टमाटर. हे वांगं. हे लिंबू. "दाखव बेटा, वांगं कुठी आहे?" पोरगं तिच्या तोंडाकडं पाये, मंग तिच्या डोळ्याकडं पाये, डोळा जिकडं जाय तिकडं बोट ठेवे. कवा बरोबर, कवा टमाटर! अन् आजी, रुखमाबाई, सिंदेवाहीकडच्या गावातून मुद्दाम बोलावून आणलेली, नातवाले गोष्टी सांगाले. बुढी अशी गोष्ट सांगते, अशी सांगते, कोल्ह्याचा आवाज, म्हातारीचा आवाज, भोपळ्याचा आवाज! अन् नातू काय करे? टुकूटुकू तिच्या तोंडाकडं पायत बसे. तिले वाटलं, माह्ये पडलेले दात पाहून राह्यला. बिचारी पदर तोंडाले लावून गोष्ट सांगाले लागली. मंग तं पोरगं उठूनच जाये! बुढी म्हणे, "याले माह्या गोष्टीत गोडीच नाई रे आदेश... मले गावाले पोचवून दे."

मंग एका रविवारी हा प्रश्न निघाला. वर्गातलं हुशार पोरगं घरी ढ काऊन? रुखमाबाई म्हणे, वर्गानं बिघडवलं, तिथी बोलूच देत नाई. दिव्यानी मॅडमनं शांतपणे सांगतलं, "आजी, मूल तेच आहे. वर्गात शांतता आहे, घरात आवाज आहे. मोठ्या आवाजानं मूल आतून मिटतं." अन् सगळ्याहीच्या माना कोणाकडं वळल्या? आदेशकडं! त्याच्या हातात पोह्याची प्लेट, चमचा तोंडात. मॅडम हसून म्हणे, "आवाज खाली, आदेशभाऊ! एवढंच करा त्याच्यासाठी."

एवढंच करा त्याच्यासाठी! बाप आहे हो तो! त्याले म्हणलं असतं टावरवर उलटा लटक, तं तो लटकला असता. आवाज काय चीज आहे?

पण तुमाले सांगतो, आवाज खाली आणणं म्हणजे चालता बॉयलर थंडा करणं! पह्यले पंधरा दिवस तो बोललाच नाई. मंग कुजबुजाले लागला. सकाळी फाटकात उभा राहून दूधवाल्याले म्हणे, "अर्धा लिटर..." दूधवाला म्हणे, "कोणी वारलं का भाऊ?" बसमधात आमी म्हणो, काय बे आदेश, वहिनीनं काय केलं तुले? तो हातानंच खुणा करे, कानाजवळ हात नेऊन, खाली, खाली. कवा चुकून तोंडातून मोठ्यानं निघालंच, तं मयुरी आतून, आजी बाहेरून, अन् कॉलनीतले पोट्टेसुद्धा, एका सुरात: "आवाज खाली, आदेशभाऊ!" खेळच झाला होता तो. खोटं काऊन सांगू, आमीही म्हणो. साऱ्याहीले मजा वाटे.

अन् बाकीच्या घरांचं भलंच झालं बरं का! ते नाई म्हणता येत नाई. पाच घरांमधात भांडणं कमी झाले, टीवी बंद झाले, लेकरं निवांत खेळाले लागले. पद्धत खरी होती जी. खरीच होती.

फक्त आदेश दारात पाय टाके, हळूच म्हणे, "अश्विन..." अन् पोरगं आपल्या ठोकळ्याहीत बसलेलं राहे. पाठमोरं. आदेश थोडा वेळ उभा राहे, मंग बूट काढे. मयुरी म्हणे, "आता तं तुमाले पण नाई पायत हो." तो म्हणे, "शांत झालं पोरगं. चांगलंच आहे ना." चांगलंच आहे म्हणे... अन् मोरीत जाऊन तोंड धुये. लय वेळ धुये. सगळ्याहीले वाटे, बॉयलरची धूळ आहे.

असे दोन वर्षं गेले हो. दोन वर्षं!

मंग एक दिवस वर्गात आईबापाहीले बोलावलं. शांततेचा खेळ म्हणे. सगळ्या पोराहीनं डोळे मिटून चुपचाप बसाचं, अन् मॅडम दाराच्या मागून एकेकाचं नाव अगदी हळू घेणार. ज्याचं नाव आलं त्यानं पाय न वाजवता उठून तिच्याकडं जाचं. एक पोरगी गेली, एक पोट्टा गेला, सगळे गेले. अश्विन बसलेला. चटईवर, मांडी घालून, मधात एक डोळा किलकिला करून पाये, अन् मिटे. मॅडमनं चार खेपा नाव घेतलं. मंग बाहेर आली, डोळ्यात पाणी, म्हणे, "बघा. नाव घेतलं तरी उठावंसं वाटत नाही त्याला, इतका रमलाय शांततेत!" अन् लोकाहीनं टाळ्या वाजवल्या. आदेशनंही वाजवल्या. हळू. दोन बोटं दोन बोटाहीवर, अशा...

मी म्हणतो, एवढे शिकलेले लोकं, एवढं प्रेम करणारे लोकं, एकाच्याही मनात नाई येत? नाई येत जी! आपल्याले जे पाहाचं असते तेच दिसते. अन् पोरगं दिसाले असं गोड, असं हुशार, कोणाले वाटन?

आता पुढचं आईका. उन्हाळ्याचे दिवस. आदेशचा वीकली ऑफ. अश्विनले आणाले तो वर्गावर गेला, दारात उभा राह्यला, अन् तवाच तिकडं प्लांटमधी वॉल्व उडाला. तुमाले समजून सांगतो. बॉयलरमधी वाफेचा जोर जास्त झाला की एक वॉल्व आपोआप उघडते, वाफ बाहेर सोडते, वर्षातून एखाद्या खेपी होते, घाबराचं काही नाई. पण ते वाफ जे बोंबलते ना! विमान डोक्यावरून गेलं अन् जाता जाता तिथीच थांबलं, असा आवाज! काचा थरथरते, कुत्रे खाटेखाली घुसते. वर्गातल्या पोराहीनं कानावर हात ठेवले, कोणी रडाले लागलं, मॅडमनं दोघाहीले पोटाशी धरलं, तिच्या पायानं ट्रे उलटला. अन् आदेश दारात हसून राह्यला, त्याच्या तं घरचाच आवाज तो! हातानं खुणा करे, काही नाई, काही नाई, बसते आता.

अन् त्याचं लक्ष अश्विनकडं गेलं.

अश्विन पाठमोरा बसला होता. एका सुरईतलं पाणी दुसऱ्या सुरईत ओतून राह्यला होता. हात हलला नाई. थेंब सांडला नाई. मान वळली नाई.

आदेशचं हसू तोंडावरच राह्यलं. वाफ बंद झाली. एकदम सामसूम. पोरं हुंदके देऊन राह्यले, बाकी काही नाई. आदेश चपला घालूनच आत गेला, पोराच्या मागं जाऊन उभा राह्यला अन् म्हणला, हळू, जसा दोन वर्षं म्हणत आला तसा, "अश्विन." काही नाई. थोडं मोठ्यानं, "अश्विन." काही नाई. अजून मोठ्यानं. मॅडमच्या तोंडातून सवयीनं निघालं, "आवाज खा..." अन् ते तिथीच थांबली. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला, म्हणतेत.

मंग आदेश वाकला अन् बॉयलरवर ओरडते तसा, छातीतून, पोटातून, अख्खी कॉलनी उभी राहीन असा ओरडला, "ए आश्विऽऽऽन!"

पोरगं दचकलं. सुरई कलंडली, सगळं पाणी चटईवर. वळून पायते तं बाप! अन् काय हसलं हो ते पोरगं, काय हसलं! तसंच वल्या पायानं धावलं अन् त्याच्या मांड्याले येऊन चिपकलं, जसं पह्यले चिपके तसं. दोन वर्षांनं बाप घरी आला होता ना त्याचा! त्याच्या हिशोबानं दुसरं काय? रोज एक माणूस येये, बापासारखा दिसे, तोंड हलवे, पण हाक मारणारा बाप काही येत नोता. त्या दिवशी आला.

आदेशनं त्याले तसंच, वल्या पायानं, कडेवर उचललं.

मंग नागपूर. मशीनवाला डॉक्टर. पोराले झोपवून डोक्याले वायरा लावल्या, कागदावर रेघा निघाल्या. डॉक्टर म्हणे, दोन्ही कान जन्मापासूनच कमजोर. साधं बोलणं पोचतच नाई. वाफेसारखा चिरका आवाज तं नाईच; जाड आवाजात कोणी जवळून लय मोठ्यानं ओरडलं, तं थोडंसं जाते. अन् विचारते, "घरात कोणाच्या आवाजाला कधी वळायचा का?" मयुरीनं आदेशकडं पायलं. आदेशनं जमिनीकडं. "वळे," म्हणे. "मंग आमी तो आवाज बंद केला." डॉक्टरले काही समजलं नाई. म्हणे, "दोन वर्षं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. शिकायचं वय ते असतं. आता प्रयत्न करू. पूर्ण बोलेल असं मी सांगत नाही."

परत येताना गाडीत. वरोरा गेलं, भद्रावती गेलं, तवा मयुरी बोलली. "लग्न झाल्यापासून तुमी माझं कवा ऐकलं नाई," म्हणे. "कोणाचंच कवा ऐकलं नाई. अन् ऐकलं तं हेच ऐकलं." मंग तिनंच त्याचा हात धरला. तिलेही तं माहीत होतं, रोज घरातून "आवाज खाली" कोण म्हणे ते.

घरी रुखमाबाईले सांगतलं.  बुढी म्हणे, "म्हणजे माह्यी एकही गोष्ट नाई पोचली का रे त्याले? एकही?" तिनं पदर तोंडावरून काढला, नातवाले समोर बसवलं, दिवा लावला तोंडाजवळ, अन् पह्यल्या गोष्टीपासून सुरू केलं. अश्विन तिच्या तोंडाकडं पायत होता. तिनं दात लपवले नाई.

दिव्यानी मॅडम आली. दारात उभी राहून रडे. आत ये म्हणलं तरी येत नोती. आदेशच उठून गेला अन् हळू म्हणला... हळूच म्हणला हो, आता सवय लागली होती ना... म्हणे, "मॅडम, तुमी खोटं नाई सांगतलं. बाकीच्या पाच पोराहीसाठी खरंच होतं. आमचं सहावं होतं, एवढंच झालं." आता बोला!  आतापर्यंत तिनं सांगाचं अन् यानं ऐकाचं, त्या दिवशी पह्यल्यांदा यानं सांगतलं. वर्ग मात्र त्याहीनं सोडला नाई. तीन दिवस वर्ग, तीन दिवस घर, तसंच. आता फक्त मॅडम बोलाच्या आधी समोर येऊन बसते, अन् पोरं अश्विनले बोलावाचं असन तं खांद्याले हात लावते.

मशीन बसवले कानाले. अन् मजा पायजा, डॉक्टरनं आदेशले खुर्चीवर बसवून सांगतलं, "आता याच्याशी ओरडायचं नाही. मशीन आवाज वाढवतं. साधं, समोर बसून, नेहमीच्या आवाजात बोला." आदेश म्हणे, "नेहमीच्या म्हणजे कोणत्या साहेब? बॉयलरच्या का घरच्या?" म्हणजे आता कुठी मोकळ्या छातीनं ओरडाचा परवाना भेटाले पायजे होता, तं तिथीही आवाज खाली, आदेशभाऊ! काय नशीब म्हणावं या माणसाचं?

तवापासून रोज ड्युटी नसन त्या वेळेत तो पोराच्या समोर बसते. मधातल्या आवाजात, जो त्याच्या बापजन्मात नोता. हे टमाटर. हे वांगं. हे लिंबू. महिने गेले. पोरगं पाये, हसे, ठोकळे लावे. शब्द नाई. मयुरीनं विचारणं सोडलं, आमी विचारणं सोडलं. एक आदेश काही सोडे नाई.

अन् मागच्या महिन्यात, दुपारची वेळ, आदेशचं चालूच. भेंडीवर आला होता. भेंडी कशी हिरवी, भेंडी कशी चिकट, गावाकडं भेंडी कशी होते... तासभर झाला असन. अश्विननं बापाच्या तोंडावर हात ठेवला अन् एकदम साफ म्हणलं, "बस."

बस! पह्यला शब्द, हो! मयुरी सैपाकघरातून हातात झारा घेऊन धावत आली. म्हणे, रस्त्यानं कंपनीची बस जाऊन राह्यली ना, ते पाहून म्हणलं. रुखमाबाई म्हणे, बापाले बाजूले बसाले सांगून राह्यला, बस बाबा. त्यावरून सासूसुनेचं जे लागलं, ते अजून मिटलं नाई. आदेशले विचारलं आमी, पेढे वाटाले आला तवा. डोळे लाल, चेहरा सुजलेला, अन् आवाज असा, की बाजूच्यालेही कान द्या लागे.

म्हणे, "काही बस नाई अन् काही बसणं नाई. पाच वर्षं मी त्याच्या एका शब्दाची वाट पायली. अन् पोट्ट्यानं पह्यल्यांदा तोंड उघडलं, ते मले गप कराले. आता याच्यावर मी काय बोलू, तुमीच सांगा!"